लाळेची तपासणी: सुई न टोचता काय कळतं, काय कळत नाही आणि नमुना नीट कसा द्यायचा

खेड्यावरच्या आरोग्य शिबिरात वजनाची रांग भराभर सरकते, बीपीचीही सरकते, रक्ताच्या टेबलाशी मात्र अडते. सिरिंज दिसली की आजीबाई "मना हात दुखस" म्हणत पदर सावरून मागे फिरतात. लहान पोरं आईच्या पाठीमागे लपतात. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडता सापडत नाही, आणि एकदा चुकल्यावर दुसऱ्यांदा हात पुढे करायला कुणी राजी नसतं. यात हसण्यासारखं काही नाही. सुईच्या भीतीपायी तपासणी राहून गेली आणि आजार वाढल्यावर जळगाव-धुळ्याचं सिव्हिल गाठावं लागलं, अशी माणसं मी लॅबमध्ये नेहमी बघते. म्हणून लाळेवर होणाऱ्या तपासण्यांबद्दल लोक विचारतात तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

पण एक गोष्ट आधीच सांगते. रक्त घेताना जबाबदारी आमची असते. नळी कुठली, किती रक्त, कधी घ्यायचं हे आम्ही बघतो. लाळेच्या तपासणीत नमुना घेणारे तुम्ही स्वतःच. काय खाल्लं, तंबाखू कधी थुंकली, किती वाजता नळीत लाळ सोडली, नळी उन्हात किती वेळ राहिली, हे सगळं तुमच्या हातात. रिपोर्ट चुकतो तो बहुतेक इथेच, लॅबच्या दारात नमुना पोचायच्या आधी.

लाळेत असतं तरी काय

गालात, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या ३ जोड्या असतात, शिवाय तोंडभर शेकडो बारीक ग्रंथी. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यात ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या एका टक्क्यात सगळी गंमत आहे. ग्रंथींभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यातून कॉर्टिसॉलसारखी लहान रेणूची संप्रेरकं (हार्मोन) लाळेत झिरपतात. प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडी, आकाराने मोठी, ती मुख्यतः हिरडी आणि दात यांच्या फटीतून पाझरतात. गालाच्या आतल्या पेशी आणि पांढऱ्या पेशी लाळेत सुटलेल्या असतात, त्यांच्यातून डीएनए मिळतो. घशात-तोंडात विषाणू असेल तर तोही सापडतो.

एवढं ध्यानात घेतलं की पुढचं सोपं होतं. जी गोष्ट रक्तातून लाळेत नीट येते तिचीच तपासणी लाळेवर करता येते. हिमोग्लोबिन लाल पेशीत कोंडलेलं असतं, ते लाळेत येत नाही. साखर येते, पण इतकी कमी आणि इतकी वरखाली की तिच्यावरून मधुमेह ठरवता येत नाही.

पहिलं काम: तुमचा प्रश्न लाळेने सुटणारा आहे का

लाळेवर किंवा हिरडीच्या स्वॅबवर (हिरडीवर फिरवलेल्या काडीवर) विश्वासाने होतात अशा तपासण्या मोजक्या आहेत. एचआयव्हीची प्रतिपिंडं, रात्रीचं कॉर्टिसॉल, कोविडसारखे श्वसनाचे विषाणू, नवजात बाळातला सीएमव्ही नावाचा विषाणू, आणि डीएनएवरून होणाऱ्या आनुवंशिक तपासण्या. कोविडच्या काळात नागपूरच्या नीरी संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर (विषाणू शोधायची चाचणी) करायची पद्धत काढली आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने तिला मान्यता दिली. नाकात काडी घालायची गरज नाही, १५ सेकंद गुळणी करून नळीत सोडायची. साध्या माणसाला जमेल अशी ही रीत मला फार आवडते.

बाळाच्या सीएमव्हीबद्दल एवढंच, की जन्मतःच हा संसर्ग असेल तर पुढे ऐकू कमी येऊ शकतं, आणि तो जन्मतःच होता हे ठरवायला नमुना पहिल्या २१ दिवसांतच घ्यावा लागतो. आईच्या दुधातही हा विषाणू येऊ शकतो, म्हणून स्वॅब दूध पाजल्यावर तासाभराने घेतात आणि लाळेत सापडला तर लघवीवर खात्री करतात.

आता नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पट्ट्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक रक्ताचा आजार, त्याची तपासणी लाळेवर होते का, हे मला धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरकडची माणसं हमखास विचारतात. लाळेतल्या डीएनएवरून सिकलसेलचा जनुक शोधता येतो हे खरं. पण गावपातळीवरची तपासणी बोटाच्या टोकाच्या थेंबभर रक्तावरच होते. आधी सोल्युबिलिटी ही झटपट चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी लॅबमधली एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची कुटुंबांतल्या मुलामुलींनी लग्न ठरायच्या आधी हा थेंब जरूर द्यावा. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून दोघांच्याही अंगात हा जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता ४ मध्ये १ असते. बोटाला क्षणभर टोचतं, बस. लाळेची वाट बघत ही तपासणी लांबवू नका.

मलेरिया, डेंगी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांनाही रक्तच लागतं.

टीबीला लाळ चालत नाही

ज्याला सगळे 'थुंकी तपासणी' म्हणतात तिथे छातीतला बेडका लागतो. डबीत पातळ, पांढुरकी, फेसाळ लाळ आली की टीबी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. माणूस निर्धास्त होतो, खोकत राहतो आणि घरातल्यांना लागण होते. म्हणून हे नीट वाचा आणि घरात कुणाला २ आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर वाचूनही दाखवा.

साधारणपणे २ नमुने घेतात, एक केंद्रावर लगेच आणि दुसरा सकाळी उठल्या उठल्या. सकाळचा नमुना जास्त मोलाचा, कारण रात्रभर छातीत साचलेलं त्यात येतं. उठल्यावर चहा-नाश्ता करायचा नाही. साध्या पाण्याने चूळ भरा, म्हणजे तोंडातलं अन्न आणि तंबाखू निघून जाईल. मग घराबाहेर, ओट्यावर किंवा अंगणात मोकळ्या हवेत उभे राहा, जवळ कुणाला येऊ देऊ नका. छाती भरून श्वास घ्या, क्षणभर रोखा, सोडा. असं दोन-तीनदा करा आणि मग पोटातून जोर लावून खोका. जे वर येईल ते थेट डबीत, बाहेरच्या काठाला न लावता. घट्ट, पिवळसर किंवा चिकट पदार्थ २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभर तरी हवा. नुसता फेस आला तर थांबा, गरम पाण्याचे दोन घोट घ्या, थोडं चाला आणि पुन्हा खोका. झाकण घट्ट लावा, नाव डबीच्या अंगावर लिहा (झाकणावर नको, झाकणं बदलतात), हात धुवा आणि त्याच दिवशी केंद्रावर द्या.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबी तपासायच्या मशीनवर जंतूंबरोबर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का हेही कळतं. हे सगळं सरकारात मोफत आहे. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यांचा नमुना डॉक्टर दुसऱ्या रीतीने घेतात, घरी प्रयत्न करत बसू नका. जिभेवर स्वॅब फिरवून टीबी शोधण्यावर जगभर काम चालू आहे, पण तुमच्या केंद्राने डबी दिली असेल तर त्यात बेडकाच द्यायचा.

लाळेचा नमुना द्यायची रीत

आता खऱ्या लाळेकडे. तपासणीप्रमाणे थोडा फरक पडतो, किटमधल्या सूचना आधी वाचाव्यातच, पण मूळ शिस्त एकच आहे.

आदल्या दिवशी पाणी भरपूर प्या. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा माणसाचं तोंड सुकलेलंच असतं आणि नळी भरायला फार वेळ लागतो. नमुन्याच्या तासभर आधी जेवण, चहा, दूध, केळी, शेंगदाणे सगळं बंद. डीएनएच्या बहुतेक किटना अर्धा तास पुरतो, पण तासभर ठेवला तर चुकत नाही.

तंबाखू, गुटखा, सुपारी, विडी, मिश्री यांचं मात्र कडक पाळा. खानदेशात पुरुषांच्या ओठात तंबाखू-चुना असतो हे दिसतं, बायकांची सकाळची मिश्री दिसत नाही आणि विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही. मी प्रत्येक मावशीला विचारते. मिश्री लावलेल्या तोंडाची लाळ काळपट येते, तपासणीतल्या रसायनांना अडथळा होतो आणि हिरडीतून रक्तही येतं. त्या दिवशी सकाळपासून काहीच लावू नका.

दात घासायचे ते किमान तासभर आधी, आणि हलक्या हाताने. हिरडीतून रक्त आलं की ते लाळेत मिसळतं. रक्तात संप्रेरकं लाळेच्या कितीतरी पट असतात, त्यामुळे आकडा खोटा चढतो. लाळ गुलाबीसर दिसली तर तो नमुना टाकून द्या आणि दुसऱ्या दिवशी द्या. दात काढलाय, तोंड आलंय, अशा वेळी तपासणी पुढे ढकला.

साध्या पाण्याने चूळ भरून १० मिनिटं थांबा. लगेच नमुना दिला तर नळीत निम्मं पाणीच येतं. मग बसा, मान थोडी पुढे झुकवा, तोंड मिटून लाळ जिभेखाली साचू द्या आणि खालच्या ओठावरून नळीत आपोआप ओघळू द्या. खाकरायचं नाही, घशातून ओढायचं नाही, जोरात थुंकायचं नाही. मोजायची ती खालची पातळ लाळ, वरचा फेस धरायचा नाही. एक-दोन मिलिलिटरला पाच-दहा मिनिटं लागली तरी घाबरू नका. लाळ सुटावी म्हणून लिंबू किंवा चिंच तोंडात धरू नका, आंबटाने लाळेचं रसायनच बदलतं. गरम भाकरीचा, भरताचा नुसता विचार केला तरी पुरतं.

काही किटमध्ये कापसाचा बोळा असतो. तो नळीतून थेट तोंडात पाडायचा, एक-दोन मिनिटं गालात फिरवायचा आणि तोंडातूनच नळीत सोडायचा. बोटांनी धरायचा नाही. खाजेची किंवा चेहरा उजळायची बरीच मलमं स्टेरॉइडची असतात, तेवढ्याशा बोटानेही कॉर्टिसॉलचा नमुना बिघडतो.

नंतर येतो आपला खरा शत्रू, ऊन. डीएनएच्या नळीत टिकवण्याचं द्रावण असतं, ती घरात साध्या तापमानाला राहते. ते द्रावण लाळेत नीट मिसळेपर्यंत नळी हलवा आणि द्रावण तोंडात जाऊ देऊ नका. पण द्रावण नसलेला नमुना लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि नेताना बर्फाच्या पिशवीसोबत थर्मासमध्ये न्या. मोटारसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या खिडकीत दुपारी ठेवलेली नळी शहादा ते नंदुरबार एवढ्या प्रवासातही वाया जाऊ शकते. सकाळच्या पहिल्या गाडीने न्या, आणि शनिवारी नमुना देऊ नका, रविवारी कुरिअर पडून राहतं.

रात्रीचं कॉर्टिसॉल

चेहरा गोल सुजल्यासारखा, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, पोटावर रुंद जांभळट वण, थोडं लागलं की निळं पडणं, त्यात बीपी आणि साखर दोन्ही वाढलेली, असं एकत्र दिसलं की डॉक्टर कुशिंगचा, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराचा, संशय धरतात. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल मध्यरात्री तळाला जातं, या आजारात जात नाही. म्हणून नमुना रात्री ११ ते १२ च्या दरम्यान, तोही वेगवेगळ्या दोन रात्रींचा. त्यासाठी रात्री दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही, लाळेचा हा फार मोठा फायदा आहे.

इथे तीन गोष्टी सांभाळा. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत असाल तर बंद करून डॉक्टरांना सांगा. त्यातल्या घटकामुळे लाळेत कॉर्टिसॉल खोटं वाढलेलं दिसतं, काही खायच्या तंबाखूतही तोच घटक असतो. दुसरं, भुसावळच्या रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीने रात्रपाळी करणाऱ्यांचं शरीराचं घड्याळच उलटसुलट असतं, त्यांना ही तपासणी लागू पडत नाही, दुसरी करावी लागते. आणि तिसरं, बिननावाच्या गुडघेदुखीच्या पुड्या. घेतल्या की माणूस दोन दिवसांत चालायला लागतो, अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि कुशिंगसारखी लक्षणं त्यानेच येतात. पुडी लपवू नका, सोबत घेऊन जा. पण एकदम बंदही करू नका, त्याने जीवावर बेतू शकतं.

एचआयव्हीचा हिरडीवरचा स्वॅब

या तपासणीने खूप लोकांची भीती घालवली आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये ती घरी करायला मंजुरी मिळाली, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वतः तपासणी करण्याची शिफारस केली. स्वॅब वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायचा, द्रावणात ठेवायचा आणि २० ते ४० मिनिटांच्या आत वाचायचा. ४० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही.

ती विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही, ताट-पेला वेगळा ठेवण्याचं काही कारण नाही. प्रतिपिंडं तयार व्हायला ३ महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे परवाच्या प्रसंगाचं उत्तर आज मिळणार नाही. आणि लोकांनी घरी स्वतः केली तेव्हा बाधित १२ जणांमागे साधारण एक जण तिच्यातून सुटतो असं दिसलं. आपल्याकडे सरकारी आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात तपासणी रक्तावर, मोफत आणि समुपदेशनासह होते, स्वॅब काहीही सांगो, शेवटचा शब्द तिथला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. गावातल्या केंद्रावर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून जायला संकोच वाटला तर तालुका सोडून जिल्ह्याच्या केंद्रावर जा, कुणी अडवत नाही. फोनवर विचारायचं असेल तर एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७.

तोंडाचा कॅन्सर: नळी नको, आरसा घ्या

लाळेवरून तोंडाचा कॅन्सर ओळखायच्या चाचण्यांवर बरंच संशोधन चालू आहे. पण आज त्यातली कुठलीही तोंड उघडून बघण्याची आणि शंका आली तर बायोप्सीची (तुकडा काढून तपासण्याची) जागा घेत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसती तोंडं तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डोळ्यांनी बघण्यात एवढी ताकद आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी असली तरी पुड्या टपरीवर मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे महिन्यातून एकदा कराच.

दाराशी उजेडात आरसा धरा, हात धुतलेले, कवळी काढलेली. ओठ उलटून आतली बाजू बघा, विशेषतः खालच्या ओठात जिथे तंबाखू ठेवता तो खळगा. दोन्ही गाल बोटाने ताणून अक्कलदाढेपर्यंत. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, मग टाळूला लावून खालची बाजू. टाळू, हिरड्या. बोट फिरवून कुठे घट्ट गाठ लागते का बघा, शेवटी जबड्याखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी चाचपा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ.

आणखी एक खूण आपल्या माणसांना पटकन कळते. जन्मभर ठेचा आणि झणझणीत शेवभाजी खाणाऱ्याला अचानक तेच तिखट तोंडात आग लावायला लागतं. सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी ताठ व्हायला लागल्याची ती सुरुवात असू शकते. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर थांबू नका, सुपारी त्याच दिवशी बंद करा आणि दाखवा. ३० वर्षांवरच्यांची अशी तोंडतपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते, आशाताईंना विचारा.

विकत घ्यायच्या आधी

'एका थेंब लाळेत सगळे आजार' अशी जाहिरात दिसली की चार गोष्टी विचारा. नक्की कुठला घटक मोजणार? लॅबला एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता आहे का, आणि ती याच तपासणीसाठी, लाळेच्या नमुन्यासाठी आहे का? पॉझिटिव्ह आलं तर पुढची तपासणी कुठली? डीएनए असेल तर माझी माहिती कुणाकडे, किती दिवस राहणार? उत्तर गोलमोल आलं तर पैसे घरात ठेवा. आनुवंशिक धोका सांगणाऱ्या लाळ-चाचण्यांचे हिशोब बरेचसे युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेले आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हेही विचारून घ्या.

चाळणी (स्क्रीनिंग, म्हणजे संशयित वेगळे काढणं) आणि निदान यांतला फरक एका हिशोबाने बघा. १००० माणसांच्या गावात एकालाच आजार आहे आणि चाचणी १०० पैकी ९५ वेळा बरोबर येते असं धरा. तो एक सापडेल, पण उरलेल्या ९९९ निरोग्यांपैकी सुमारे ५० जणांनाही ती पॉझिटिव्ह दाखवेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ५१ जणांपैकी ५० ठणठणीत. म्हणूनच पहिल्या पॉझिटिव्हवर रडारड करायची नाही, औषध सुरू करायचं नाही आणि सोयरिक तर मुळीच मोडायची नाही. दुसरी, पक्की तपासणी करायची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे केसपेपर काढून रिपोर्ट दाखवा. उलट निगेटिव्ह आलं पण लक्षणं तशीच आहेत, तरी दाखवाच.

नमुना देताना चालू असलेला मोबाइल नंबर लिहा, शेजाऱ्याचा असला तरी चालेल, पण त्याला सांगून ठेवा. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातकडे जाणार असाल तर निघायच्या आधी रिपोर्ट हातात घ्या. टीबीचे उपचार सुरू असतील तर निक्षय आयडी (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटोही काढून ठेवा, त्या क्रमांकावर दुसऱ्या राज्यातही गोळ्या मिळतात. अडलं तर निक्षयचा मोफत नंबर १८००-११-६६६६.